हौसाबाईचं लुगडं

"काकू, गाद्या माळ्यावर टाकू, का कॉटखालीच राहू देऊ?"

"अरे, कॉटच उभ्या करायच्यात, तर गाद्या खाली राहतील कशा? टाक वर. आणि आधी अंगणात नेऊन झटक. तुमचे ढेकूण माझ्या माळ्यावर नकोत मला."

"ढेकूण नाहीयेत हो काकू."

"तर तर! मग रात्रभर खाजवत कोण बसतं? मी?"

पोरं हसली. दिवाळीच्या सुट्टीआधीची आमच्या घरातली ही ठरलेली सकाळ. साताऱ्यात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढची खोली मोठी, ती आम्ही कॉट बेसिसवर दिलेली. चार कॉट, चार पोरं, चौघंही इंजिनियरिंगला. मागच्या खोलीत स्वयंपाक, देव, आणि आम्ही नवराबायको. मूलबाळ झालं नाही आम्हाला, पण घर कधी रिकामं म्हणून राहिलं नाही. पोरांच्या परीक्षा असल्या की आम्ही कुजबुजत बोलायचो आणि भांडायचं झालंच तर मागच्या दारी जाऊन भांडायचो.

सुट्टी लागली की मात्र पुढची खोली आमची. पोरं गाद्या बांधून माळ्यावर टाकायची, कॉट भिंतीला उभ्या करायची, आणि खालची शहाबादी फरशी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोकळी व्हायची. मे महिन्यात त्या फरशीवर माझ्या कुरडया आणि पापड. दिवाळीत ती फरशी ह्यांची.

ह्यांची म्हणजे दिनकर पिसाळांची. एसटीच्या डेपोत मेकॅनिक. दिवसभर इंजिनाखाली उताणं पडायचं, ऑइलनं काळेकुट्ट हात घेऊन घरी यायचं, राखेनं आणि साबणानं ते घासत बसायचं. आणि दिवाळीत त्याच हातांनी रांगोळी काढायची. दारातली नव्हे, हुबेहूब माणसाची. पुरुषभर लांबीची. फरशीवर सुरकुत्या, डोळ्यातलं पाणी, नाकावरचा घाम, सगळं रांगोळीत. डेपोतली माणसं त्यांना 'पिसाळवहिनी' म्हणून चिडवायची. हे नुसते हसायचे. मला मात्र असा संताप यायचा की डेपोत जाऊन एकेकाला पान्ह्यानं हाणावंसं वाटायचं.

आणि इतकं करून बघणारं कोण? मी, आणि शेजारच्या पाटीलवहिनी. पोरं परत यायच्या आदल्या दिवशी हे स्वतः केरसुणी घ्यायचे आणि सगळं सुपात भरून टाकायचे. मला ते बघवायचं नाही. मी मागच्या दारी जाऊन बसायची.

त्या वर्षी मात्र वेगळं होणार होतं. गावात एक रांगोळी मंडळ होतं. त्रिपुरी पौर्णिमेला मुलींच्या शाळेच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन भरायचं, अख्खं गाव रांगा लावून बघायला जायचं. मंडळाचे प्रमुख शिराळकर सर, ड्रॉइंगचे मास्तर होते पूर्वी. ह्यांनी दरवर्षी त्यांना गाठायचं आणि सरांनी दरवर्षी म्हणायचं, "पिसाळ, जागा मोजक्याच आहेत हो." त्या वर्षी एक जण मंडळ सोडून गेला, आणि सर म्हणाले, घरी काढलेलं एक काम दाखवा, भाऊबीजेला दुपारी येतो.

ही बातमी सांगायला हे डेपोतून आले तेव्हा हातसुद्धा धुतले नव्हते. चौकटीत उभे राहिले.

"अहो, काय झालं? तोंडातून शब्द फुटेल का?"

"सर यायचेत."

"कुठले सर?"

"शिराळकर सर. आपल्या घरी. रांगोळी बघायला."

त्या रात्री ताटातली भाकरी तशीच राहिली त्यांची. आणि खरं सांगू, त्यांना जितकं हवं होतं त्याच्या दुप्पट मला हवं होतं. माझ्या माणसाचं काम गावानं बघावं, डेपोतल्या त्या टवाळांनी रांगेत उभं राहून बघावं, एवढंच मला पाहिजे होतं.

तर त्या सकाळी पोरं निघाली होती. मी प्रत्येकाच्या पिशवीत चिवड्याचा पुडा कोंबत होते. चौथा, आवटे, गादी झटकायची सोडून दाराशी पाठ घासत उभा. अंगानं किरकोळ, बोलायला लाजाळू पोरगा, गडहिंग्लजकडचा.

"काय रे? म्हैस घासते तसा काय घासतोयस?"

"कालपासनं खाज येतीय काकू. जरा कणकण पण आहे."

मी त्याचा सदरा वर केला आणि टाकलाच खाली.

"अगं बाई! देवी आल्यात की तुला!"

पाठभर पाण्यानं टच्च भरलेले फोड. कांजिण्या. बाकीची तिघं दोन पावलं मागं सरकली. आवटे रडवेला झाला. घरी त्याची बहीण बाळंतपणाला आलेली, बाळ अजून बारशाचंही नव्हतं. अशा अंगानं त्या घरात जाणार कसा?

"जाऊ नकोस," हे म्हणाले. "पत्र टाकतो मी घरी. इथंच राहा."

मी ह्यांना मागच्या दारी ओढलं. "इथं म्हणजे कुठं? पुढच्या खोलीत त्याची कॉट टाकली की तुमची रांगोळी कुठं काढणार, माझ्या डोक्यावर?"

"पुढच्या नाही. मागच्या खोलीत टाकू कॉट."

"आणि आपण?"

"आपण पण मागच्याच खोलीत."

"त्या खोलीत मांजर आडवं झालं तर मला चुलीपर्यंत पोचता येत नाही!"

"मग मांजर नको घेऊया," हे म्हणाले, आणि कॉट उचलायला गेलेसुद्धा. असा माणूस. भांडायचं तरी कसं याच्याशी?

झाली आमची दिवाळी सुरू. मागच्या खोलीत भिंतीला आवटेची कॉट, त्यावर कडुलिंबाच्या पाल्यात आवटे. खाली उरलेल्या पट्टीत आम्ही दोघं. माझं डोकं स्टोव्हपाशी, ह्यांचे पाय कॉटखाली. एकानं कूस बदलली की दुसऱ्यानं बदलायची. त्यातून घरात देवी आलेल्या, म्हणजे फोडणी बंद, तळण बंद. ऐन दिवाळीत! चकल्यांचं पीठ डोक्यावर घेऊन मी पाटीलवहिनींकडे गेले आणि त्यांच्या चुलीवर तळून आणल्या. आवटेला वरणभात आणि ताक. बिचारा दर घासाला म्हणायचा, "काकू, लई त्रास दिला मी." मी म्हणायची, "दिलासच. आता गिळ मुकाट्यानं."

पुढच्या खोलीत ह्यांचं काम सुरू झालं. त्या वर्षी त्यांनी निवडली होती हौसाबाई. स्टँडच्या फाटकाशी पेरू विकायला बसायची ती म्हातारी. इरकली लुगडं, कपाळावर आडवं गोंदण, तोंडात दात नाही, पण हसायला लागली की सगळा स्टँड हसायचा. हे तिला स्टुडिओत घेऊन गेले होते फोटो काढायला. ती म्हणाली होती, "माझा फुटू कशाला रं बाबा, सोयरीक बघतोस व्हय?"

फरशीवर पांढऱ्या रांगोळीचा एकसारखा थर, त्यावर खडूनं आखणी, मग रंग. मी रंग चाळून द्यायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून, वस्त्रगाळ. पण द्यायचे ते उंबऱ्यावरून. आत पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. मला रांगोळी येत नव्हती असं नाही. लहानपणापासून रोज सकाळी सडा घातला की दारात काढत आले. ठिपके, वेली, कोयऱ्या, चिमटीतून धार सोडली की शेवटपर्यंत हात उचलायचा नाही, अशी आमच्या आईची शिकवण. पण हे म्हणायचे, "तुझं दारातलं वेगळं, हे वेगळं." टोचून नाही, सहज म्हणायचे. मला ते बोचायचं.

पाडव्याला संध्याकाळी काम पुरं होत आलं. चेहरा तर असा उतरला होता की आता ही म्हातारी मला भाव सांगणार असं वाटावं. फक्त लुगडं ह्यांच्या मनासारखं होत नव्हतं. पुसायचे, काढायचे, पुन्हा पुसायचे.

"काय झालंय त्या लुगड्याला?" मी उंबऱ्यावरून विचारलं.

"बाई बसलीय त्यात, असं वाटत नाही. दोरीवर वाळत घातल्यासारखं दिसतंय."

"मी सांगू?"

"नको, होईल," ते म्हणाले. शेवटी थकून त्यांनी हात थांबवला. "असू दे. चेहऱ्याकडे बघतील लोक."

तेवढ्यात बाहेर धडाम आवाज झाला आणि आळीतली लाईट गेली. डीपी उडाला, असं कोणीतरी ओरडलं. आता काय, सणासुदीचा वायरमन कुठं मिळतोय? आम्ही कंदील लावून जेवलो आणि झोपलो.

भाऊबीजेला सकाळी हे सायकल काढून जवळच्या करंजे गावात बहिणीकडे गेले. ओवाळून घेऊन, जेवून लगेच परत येतो म्हणाले. सर यायचे दुपारी कलत्या उन्हात. मी अंघोळ करून देवापुढं बसले होते. आवटे कॉटवर पडून होता. आणि मला आवाज आला. कर्र... कर्र... कर्र.

पुढच्या खोलीतला आमचा पंखा म्हातारा होता. सुरू होताना तो आधी दोन-तीनदा कण्हायचा आणि मग वेग धरायचा. लाईट आली होती. आणि पंख्याचं बटण चालूच होतं.

"आई गं!" मी ताम्हण टाकून धावले. बटणं मधल्या दाराच्या चौकटीशी होती. बंद करेपर्यंत पंख्यानं जेवढं करायचं तेवढं केलं होतं. खोलीभर रंगीत धूळ तरंगत होती. मी तिथंच उभी राहिले. खाली बघायचा धीर होईना.

बघितलं. पंख्याच्या बरोब्बर खाली लुगडं होतं. ते गेलं होतं. हिरवा, काळा, तांबडा, सगळा मिळून एक मळका चिखल. चेहरा भिंतीकडच्या बाजूला होता, तो ओळखू येत होता, पण डोळ्यांवर धूळ बसलेली, गालावरच्या सुरकुत्या पुसट झालेल्या. हसू मात्र होतं तिथंच.

"काकू..." मागे आवटे उभा, पाल्याची डहाळी हातात. "काकू, मी पहाटे उठलो होतो. लई उकडत होतं. झोपेत हात बटणावर गेला. पुढच्या खोलीत झोपायचो तेव्हा रोज जायचा तसा. लाईट नव्हती, पंखा लागला नाही, मी तसाच जाऊन पडलो."

"मेल्या!" मी ओरडले. "अरे, त्या माणसानं तुला स्वतःच्या अंथरुणाची जागा दिली, आणि तू हे दिलंस त्याला? आज सर यायचेत! आज! काय तोंड दाखवू मी ह्यांना?"

 तो आत गेला आणि पिशवी भरायला लागला.

"कुठं चाललास?"

"घरी. गोठ्यात झोपीन. पण जातो."

अंगभर फोड, डोळ्यांतून धारा, आणि पिशवीत एक चप्पल आणि पंचांग कोंबतोय. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही.

"ठेव ती पिशवी. आणि ते पंचांग माझं आहे. बस खाली."

मी पुन्हा उंबऱ्यावर आले. डोकं चालायला लागलं. करंज्यात निरोप धाडायचा तर आळीतले सगळे पुरुष बहिणींकडे गेलेले. हे जेवूनच येणार. तोवर वाट बघितली तर त्यांना एकट्याला चेहरा दुरुस्त करायचा आणि एवढं मोठं लुगडं नव्यानं काढायचं, दोन्ही व्हायचं नाही. चेहऱ्याला हात लावायची माझी लायकी नाही, ते मला ठाऊक होतं. पण लुगडं?

माझ्या आईनं जन्मभर इरकल नेसलं. पदर खोचल्यावर तो कुठं ताणतो, म्हातारी बाई मांडी घालून बसली की काठ गुडघ्यावरून कसा वळतो, निऱ्या कुठं दबतात, हे मला कोणी शिकवायला नको होतं. ह्यांचं लुगडं का चुकत होतं तेही मला कालच दिसलं होतं. त्यांनी लुगडं काढलं होतं. त्याच्या आतला गुडघा काढला नव्हता.

बिघडलं तर? तर गेलंच की सगळं. आपल्या माणसानं आयुष्यभर ज्याची वाट बघितली त्या दिवसावर मी बोळा फिरवला असता.  मी पदर खोचला, देवाला हात जोडले, आणि उंबरा ओलांडून त्या फरशीवर पाय ठेवला.

"आवटे, चहाची गाळणी दे. आणि तिथूनच रंग चाळून दे मला. काळा आधी."

"काकू, काका रागावतील."

"रागावू देत. तू चाळ."

मळलेला भाग मी पुठ्ठ्यानं अलगद खरवडून काढला. गाळणीनं गडद हिरव्याचा थर दिला. जिथं गुडघा वर येतो तिथं उजळ, जिथं निऱ्या दबतात तिथं काळा मिसळून. आणि मग चिमूट भरली. इरकलीच्या बारीक चौकड्या, एकेक रेघ, काठापासून काठापर्यंत. गुडघ्यावरून वळवायची, निरीत बुडवायची, पलीकडून पुन्हा वर काढायची. हात उचलायचा नाही. रोज दारात जे करत होते तेच. फक्त दारात रेघ चुकायची अशी भीती कधी वाटली नव्हती. दहा-बारा रेघा झाल्या आणि भीती गेली. मग मला ना भूक, ना तहान. आवटे उंबऱ्यावर बसून रंग चाळत होता आणि मध्येच श्वास रोखून बघत होता.

सायकलची घंटी वाजली तेव्हा काठ निम्मा झाला होता.

हे दारात उभे राहिले. हातात बहिणीनं दिलेला लाडवांचा डबा. खोलीच्या मधोमध मी, केस सुटलेले, हात कोपरापर्यंत हिरवे.  मीच आधी बोलले.

"लाईट आली आणि पंखा लागला. बटण चालू राहिलं होतं." आवटे तोंड उघडायला लागला, त्याला मी डोळ्यांनी गप्प केलं. "चेहऱ्याला मी बोट लावलेलं नाही. लुगडं माझं आहे. पुसायचं असेल तर पुसा, अजून वेळ आहे."

ते खाली उकिडवे बसले. लुगड्याकडे बघत राहिले. गुडघ्यापाशी त्यांची नजर बराच वेळ थांबली.  मग त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि बाह्या दुमडल्या.

"उठू नकोस," ते म्हणाले. "मी डोक्याकडून येतो."

कशी सांगू ती दुपार? एका रांगोळीत दोन माणसं बसत नाहीत. एकाचा पदर, दुसऱ्याचा श्वास, कशानंही मोडतं. पण आम्ही बसलो. त्यांना हात लांबवायचा असला की माझा खांदा आपोआप मागं जायचा. मला कूस बदलायची असली की ते गुडघा आवरून घ्यायचे. 'सरक' म्हणावं लागलं नाही, 'थांब' म्हणावं लागलं नाही. एवढ्याशा स्वयंपाकघरात इतकी वर्षं एकमेकांना न धडकता वावरलो होतो, ते अंगात मुरलं होतं. ते डोळ्यांवरची धूळ मोराच्या पिसानं उडवून सुरकुत्या पुन्हा भरत होते, मी काठ पुरा करत होते. एकदा त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "अगं, ही तर बसली की गं खाली!" एवढंच. पण मला जे वाटलं ते लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

आम्ही मागं सरत सरत दाराशी आलो आणि शिराळकर सरांनी कडी वाजवली.

उंच, पांढरा सदरा, काखेत छत्री. उंबऱ्यावर त्यांनी चपला काढल्या आणि तिथंच थांबले. आवटे आतल्या दाराआडून बघत होता. सर डावीकडून बघतात, उजवीकडून बघतात, खाली वाकतात, चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा लावतात.  ह्यांच्या कपाळावर घाम.

"फोटो दाखवा," सर म्हणाले.

ह्यांनी दिला. सरांनी फोटो बघितला, फरशी बघितली.

"चेहरा चांगला आहे. डाव्या डोळ्याखाली घाई झालीय."

"हो सर. झालीय."

"नाकाची बाजू उत्तम. हसू फार चांगलं पकडलंय." मग ते खाली बसले आणि बोट न लावता बोटानं काठावरून हवेत रेघ ओढत गेले. "हे लुगडं मात्र तुमच्या हातचं नाही, पिसाळ."

 झालं, वाटलं. माझ्यापायी गेलं सगळं. ह्यांनी 'माझंच आहे' म्हणून टाकावं असं त्या क्षणी मला मनापासून वाटलं. कोण विचारायला येणार होतं?

"नाही सर," हे म्हणाले. आवाज एकदम खणखणीत. "हिचं आहे. सरोजचं. माझ्या बायकोचं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझे हिरवे हात मी पदराखाली घेतले.

"कुठं शिकलात बाई?"

"दारात," मी म्हणाले.

"आमचे सगळे जण भुरभुरवून रंग भरतात. इतकी लांब रेघ एका चिमटीत, वळणावर न तुटता, आमच्या मंडळात कोणाला येत नाही. मलाही येत नाही." ते उठले, गुडघे झटकले. "ठीक आहे पिसाळ. जागा तुम्हाला दिली. पौर्णिमेच्या आधी चार दिवस हॉल उघडतो, सामान घेऊन या."

मला वाटलं होतं हे त्यांचे पाय धरतील. इतक्या वर्षांची इच्छा! पण हे हलले नाहीत.

"सर, आम्ही दोघं येऊ."

"म्हणजे?"

"रांगोळी दोघांची. चेहरा मी, लुगडं ही. नावं दोघांची."

"अहो, काहीतरीच काय!" मी कुजबुजले आणि त्यांचा सदरा मागून ओढला. "मिळतंय ते घ्या की!"

त्यांनी माझा हात हलकेच सोडवला.

सर गोंधळले. "बाईंच्या कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही हो. पण जागा एकच आहे, आणि ती पण कोपऱ्यातली, अरुंद. दोन्ही बाजूंना दुसऱ्यांची कामं. तिथं एक माणूस कसाबसा बसतो. दोघं बसणार कशी?"

हे हसले. भिंतीच्या कडेकडेनं गेले आणि मधलं दार सताड उघडलं. आत भिंतीला कॉट, दाराआडून पळत जाऊन कॉटवर बसलेला, अंगभर पाला चिकटलेला आवटे, खाली आमची गुंडाळलेली वळकटी, वळकटीला टेकून स्टोव्ह, स्टोव्हच्या वर देव.

"हे आमचं घर, सर," ते म्हणाले. "सध्या इथं आम्ही तिघं राहतो. जागेचं तेवढं आमच्यावर सोडा."

शिराळकर सरांनी कॉटपासून स्टोव्हपर्यंत नजर फिरवली. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि ह्यांना ओलांडून माझ्याकडे वळले.

"नाव सांगा बाई. पूर्ण."

"सरोज दिनकर पिसाळ," मी सांगितलं, आणि हिरवे हात पदराबाहेर काढले.